आधी कांडी, मग माग

थायरॉईडची गोळी लिहून देण्याआधी मी बाईचे तळहात बघते. खिडकीशी नेऊन, उजेडात. तळहाताच्या रेषा, बोटांच्या पेरांवरच्या वळ्या, मग ओठ उलटवून हिरड्या. त्यानंतर तिला टेबलावर आडवी करून रक्तदाब मोजते, उभी करते, तीन मिनिटं थांबते आणि पुन्हा मोजते. बाहेर बाकावर कितीही गर्दी असली तरी यात काटछाट करत नाही. हे सगळं पुस्तकात होतं, परीक्षेत मी ते लिहूनही आले होते. पण सवय लागली ती माझ्याच चिठ्ठीने एक बाई मरणाच्या दारापर्यंत जाऊन आली तेव्हा.

माझा दवाखाना बुऱ्हाणपुरात. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी सावदा, रावेर मागे टाकून मध्य प्रदेशात शिरते आणि पहिलं मोठं स्टेशन लागतं ते हे. मी इथे आले तेव्हा बुऱ्हाणपूर खंडवा जिल्ह्यात होतं, जिल्हा झाला २००३ साली. सरकारी कागद हिंदीत, पण माझ्या टेबलासमोर दिवसभरात चार भाषा बसून जातात. शहापूर-इच्छापूरकडच्या केळी उत्पादकांची खानदेशी वळणाची मराठी, गावातली उर्दू, निमाडी, आणि खकनारच्या डोंगरातून आलेल्या कोरकू बायांचे दोन-चार शब्द. सुरुवातीच्या वर्षांत थायरॉईडच्या टीएसएच तपासणीचा नमुना बाहेरगावी पाठवावा लागे, तिसऱ्या दिवशी रिपोर्ट यायचा. त्यामुळे ती तपासणी आम्ही विचार करून सांगायचो. आता संध्याकाळी रिपोर्ट हातात पडतो, तपासणी स्वस्त झाली, आणि थकलेल्या प्रत्येक बाईला आधी थायरॉईड सांगितला जातो. थायरॉईड सापडू लागला हे चांगलंच झालं. पण आकडा सापडला की विचार थांबतो, हे मी स्वतःवरून सांगते.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाई पस्तिशीची, नवरा पॉवरलूमवर कामाला, दोन मुलं, माहेर शहापूरकडचं. खुर्चीत बसतानाही तिने टेबलाची कड धरली होती. म्हणाली, "मॅडम, अंगात जीवच नाही. मले उभं राह्यलं की डोयांपुढे अंधारी येते." जेवण जात नव्हतं, सकाळी मळमळायचं, वर्षभरात सहा-सात किलो वजन उतरलं होतं. हिमोग्लोबिन साडेनऊ, टीएसएच वाढलेला, ११.४. मी थायरॉक्सिनची पन्नासची गोळी लिहिली, लोहाच्या गोळ्या लिहिल्या, दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर ठेवायला सांगितलं, सकाळी उपाशीपोटी कशी घ्यायची ते नीट समजावलं. नियमाने सगळं बरोबर होतं.

एकच गोष्ट बरोबर नव्हती. थायरॉईड मंद झाला की वजन वाढतं, निदान उतरत तरी नाही. हिचं उतरलं होतं. ही विसंगती माझ्याच हाताने केसपेपरवर लिहिलेली होती आणि तिच्याच खाली मी थायरॉक्सिन लिहिलं.

बाराव्या दिवशी ती परत आली. उलट्या वाढल्या होत्या, चालताना नवऱ्याचा आधार लागत होता. मी म्हटलं, ही गोळी हळू चढते, दीड महिना तरी धीर धरायला हवा. ते खरंही आहे. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला आठवडा लागतो, त्यामुळे त्याची पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. पण ज्या औषधाने अजून बरं वाटायचं नसतं, त्या औषधाने आधीपेक्षा वाईट का वाटावं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. उलट पन्नासची पंचाहत्तर केली.

त्यानंतर आठवड्याभरात, रात्री अकराच्या सुमारास तिच्या नवऱ्याचा फोन आला. ती न्हाणीघरात कोसळली होती. त्याने तिला गावातल्या एका रुग्णालयात नेलं, मी मागोमाग पोचले. रक्तदाब सत्तरवर चाळीस. साखर ५२. सोडियम ११६, म्हणजे असायला हवं त्याहून वीस-बावीसने कमी. पोटॅशियम ६ च्या वर. तिथे रात्रपाळीला एक वयस्क फिजिशियन होते. त्यांनी तिची मूठ उघडली, टॉर्च धरला आणि मला हळू आवाजात विचारलं, "डॉक्टर, हिचे तळहात पाहिले होते का तुम्ही?"

तळहाताच्या रेषा काळ्या होत्या. कामाने मळलेल्या हाताचा काळेपणा वेगळा, तो घासला की फिका होतो. हा रेषेच्या तळातून वर आलेला, पेनाने गिरवल्यासारखा. हिरड्यांवर निळसर काळे डाग होते. कोपरावर, आणि बांगड्या घासतात तिथे मनगटावर तोच रंग. नवरा म्हणाला, वर्षभरात सावळी पडली, आम्हाला वाटलं अशक्तपणाने.

त्या डॉक्टरांनी कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून ठेवलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या कॉर्टिसॉलचं, शंभर मिलिग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून दिलं. मागोमाग सलाईन आणि ग्लुकोज भरभर सोडलं. पहाटे पाचला तिने डोळे उघडून नवऱ्याला विचारलं, पोरं कुणाजवळ आहेत. सकाळी तिने चहा मागितला आणि तो पोटात ठरला. दोन दिवसांनी कॉर्टिसॉलचा रिपोर्ट आला: १.८. एवढ्या आजारी अवस्थेत तीनच्या खाली आकडा असेल तर फारशी शंका उरत नाही.

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी, जिला आम्ही ॲड्रिनल म्हणतो, जेमतेम चार-पाच ग्रॅमची असते. दोन्ही बाजूंना एकेक. या दोन ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात, आणि शरीरातलं मीठ राखणारं अल्डोस्टेरॉनही. ताप, जखम, उपास, बाळंतपण, अशा प्रत्येक ओढाताणीत रक्तदाब आणि साखर टिकवण्याची मोठी जबाबदारी कॉर्टिसॉलवर असते. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं: कमालीचा गळाठा, पोटाची तक्रार आणि त्वचेचा बदललेला रंग. तो रंग येण्याचं कारणही सरळ आहे. ग्रंथी काम करत नाही म्हणून मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी तिला एसीटीएच पाठवून हाका मारत राहते. त्या हाका त्वचेतल्या रंगपेशींनाही ऐकू जातात.

मग थायरॉक्सिनने बिघडवलं काय? थायरॉक्सिन सगळ्या शरीराचा वेग वाढवतं. त्यात यकृतात कॉर्टिसॉल मोडण्याचा वेगही वाढतो. धडधाकट ग्रंथी असेल तर ती तेवढंच जास्त बनवते, कुणाला पत्ताही लागत नाही. हिच्या ग्रंथींत बनवायला काही उरलं नव्हतं. होतं तेवढं माझ्या गोळीने लवकर संपवलं. आणि तो ११.४ चा टीएसएच? कॉर्टिसॉल टीएसएचवर थोडा लगाम ठेवतं. कॉर्टिसॉल संपलं की टीएसएच आपोआप काहीसा चढतो. थायरॉईडचा आजार नसतानाही रिपोर्टवर तो दिसू शकतो.

तिसऱ्या दिवशी मी हे सगळं तिच्या नवऱ्याला सांगितलं, माझी चूक झाली हेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मॅडम, धोट्यातली कांडी संपली होती आन् आपण मागाचा वेग वाढवला." मागावर धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे धावतो, त्यात कांडी असते, कांडीवर आडवं सूत. कांडी संपल्यावर माग पळवला तर कापड विणलं जात नाही. मला इतकी वर्षं शिकूनही हे इतक्या कमी शब्दांत सांगता आलं नसतं. आता मी प्रत्येक रुग्णाला त्याचंच वाक्य सांगते. बुऱ्हाणपुरात ते पुन्हा समजावून द्यावं लागत नाही.

सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ॲड्रिनल सुजलेल्या दिसल्या. पुढच्या तपासण्यांत निदान क्षयाचं ठरलं. पाश्चात्य देशांत हा आजार बहुतेक वेळा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला केल्यामुळे होतो. आपल्याकडे क्षय हे अजूनही मोठं कारण आहे. फुप्फुसात काहीही नसताना तो ॲड्रिनलमध्ये घर करून राहू शकतो. क्षयाची औषधं सुरू करतानाही पुन्हा तोच धडा होता. त्यांतल्या रिफाम्पिसिनमुळे कॉर्टिसॉल झपाट्याने मोडतं, म्हणून ते सुरू करताना हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवून ठेवावा लागला. थायरॉक्सिन आम्ही बंद केलं. तीन महिन्यांनी तिचा टीएसएच ३.२ होता, एकही थायरॉईडची गोळी न घेता.

केळीची गोष्ट सांगायलाच हवी. ती घरी गेली तशी भावाने माहेरून केळी पाठवायला सुरुवात केली. अशक्त माणसाला आमच्याकडे केळीच देतात. हा जिल्हाच केळीचा. ती दिवसाला चार-पाच खात होती. पहिल्या भेटीत मी पोटॅशियम तपासलं तर ते पुन्हा ५.९. अल्डोस्टेरॉन नसेल तर शरीर मीठ घालवतं आणि पोटॅशियम साठवतं, आणि केळ्यात पोटॅशियम भरपूर. अल्डोस्टेरॉनची जागा घेणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी तोवर मिळाली नव्हती. गावातल्या औषधवाल्यांकडे ती नसायचीच, इंदूरहून मागवावी लागली आणि यायला नऊ दिवस गेले. तेवढे दिवस मी तिची केळी बंद केली. भाऊ रागावून दवाखान्यात आला, त्याच्या मते मी त्याच्या पिकाला दोष देत होते. फ्लुड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यावर एक केळं परत दिलं. मीठ मात्र पहिल्यापासून मोकळं ठेवलं होतं. तिची सासू तेव्हा बोलून गेली की सून आजारी पडण्याआधी कितीतरी महिने चिंच आणि खडेमीठ चाखत बसायची, आम्ही तिला रागवायचो. ॲडिसनच्या कितीतरी रुग्णांना मिठाची अशी ओढ लागते. शरीर आपलं मागणं सांगत होतं. आता मी तळहातांबरोबर हेही विचारते, हळूच, सासू समोर नसताना.

तेव्हापासून मी वाचन नव्याने केलं. त्यात एका नावाने मला थांबवलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल या रसायनशास्त्रज्ञाने १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले. पुढे त्याच केंडलने ॲड्रिनलमधली द्रव्यं एकेक करून वेगळी काढली, त्यांतलं एक कॉर्टिसोन. त्यासाठी १९५० साली फिलिप हेंच आणि टाडेयस राइकस्टाइन यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं. माझ्या टेबलावरची दोन्ही औषधं एकाच माणसाच्या आयुष्यातून आली आहेत. ती एकमेकांशी बांधलेली आहेत हे मी त्यांना दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवून विसरले होते.

दुसरी बाई खकनारच्या पलीकडच्या पाड्यावरची. तिच्या तळहाताला काळेपणा नव्हता, उलट ती मेणासारखी फिकट होती. गार पडायची, बोलणं संथ, काखेतले केस गळलेले. थायरॉईडचा टी-फोर अगदी खाली आणि टीएसएच २.१, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेलं. आधी एका ठिकाणी त्या शब्दावर तिला परत पाठवलं होतं. मी बाळंतपणाचं विचारलं. नऊ वर्षांपूर्वी घरीच झालं, रक्त थांबेना, दोन दिवस शुद्ध नव्हती. बाळाला अंगावरचं दूध एक थेंब आलं नाही. पाळी त्यानंतर कधी आलीच नाही. १९३७ साली हॅरॉल्ड शीहान यांनी हेच वर्णन केलं होतं: बाळंतपणात फार रक्त गेलं तर पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटून ती मरते. मग थायरॉईडला आणि ॲड्रिनलला हुकूम देणारंच कुणी उरत नाही. तिथे टीएसएचच्या आकड्याला काही अर्थ नसतो, टी-फोर बघून डोस ठरवावा लागतो. आणि रंग काळवंडत नाही, कारण हाका मारणारीच गेलेली असते. तिला आधी हायड्रोकॉर्टिसोन दिलं, सकाळी दहा आणि दुपारी पाच मिलिग्रॅम. आठवड्याने थायरॉक्सिन सुरू केलं, पंचवीसपासून. आज ती दोन तास चालून रस्त्यावर येते आणि तिथून जीपने माझ्याकडे. आपल्या पाड्यावर बाळंतपणानंतर दूध न आलेल्या आणखी एका बाईला तिने स्वतःहून माझ्याकडे आणलं.

तिसरी गोष्ट एका बाईची नाही, ती पुड्यांची आहे. आठवडी बाजारात, कधी घरोघर फिरून, सांधेदुखीची, दम्याची, ‘अंग भरण्याची’ म्हणून भुकटी विकली जाते. कागदात बांधलेली, नाव नाही. काही दवाखान्यांतूनही उघड्या गोळ्या अशाच पुडीत मिळतात. कित्येकदा त्यात प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड असतं. दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक लागते, चेहरा गोल होतो, आणि घरचे म्हणतात तब्येत सुधारली. आत मात्र ॲड्रिनलना वाटतं बाहेरून माल येतोय, आपण कशाला बनवायचा. काही आठवडे-महिने असे गेले की त्या झोपी जातात. मग पुडीवाला येईनासा होतो, किंवा बाई तीर्थयात्रेला निघते, किंवा शेजारीण सांगते की हे वाईट असतं, आणि पुडी एका दिवसात बंद होते. पंधरा दिवसांनी ती माझ्यासमोर बसलेली असते: थकवा, उलटी, चक्कर, अंगदुखी. रिपोर्टमध्ये टीएसएच थोडासा वाढलेला. चौदा वर्षांपूर्वीची मी असते तर तिलाही पन्नासची गोळी लिहून दिली असती.

अशा बायकांना रागवून काही हाती लागत नाही. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांना आपण काय घेतोय हेच ठाऊक नसतं. म्हणून मी ‘स्टेरॉईड घेतलं का’ असं विचारायचं सोडलं. विचारते, "दुखण्यावर पुडीतलं काही घेत होतीस का? चेहरा भरला होता का? आता पुडी कुठंय?" पुडी आली की मग स्टेरॉईड सावकाश, आठवड्या-आठवड्याने कमी करत उतरवायचं. कधी सहा महिने लागतात, कधी वर्ष.

हल्ली शिकलेल्या घरांतून दुसरी मागणी येते. मुली पुण्या-इंदूरहून आईसाठी कॅप्सूल घेऊन येतात, डबीवर लिहिलेलं असतं की थकलेल्या ॲड्रिनलना बळ देते. ‘ॲड्रिनल फटीग’ हे नाव त्या विश्वासाने उच्चारतात. त्यांना मी स्पष्ट सांगते: असा आजार वैद्यकशास्त्राने मान्य केलेला नाही. २०१६ मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी ५८ अभ्यास तपासून पाहिले, त्यांना त्याला आधार सापडला नाही. ॲड्रिनल निकामी होणं हा आजार खरा आहे, तो मोजता येतो, आणि त्यावर कॅप्सूल चालत नाही. त्या डबीत बहुधा अश्वगंधा असते. अश्वगंधा मला परकी नाही, पण ती थायरॉईड संप्रेरकाचं प्रमाण वाढवू शकते, आणि काही डब्यांत प्राण्यांच्या ग्रंथींचा अर्कही असतो. थायरॉक्सिन चालू असलेल्या बाईने ती मला न दाखवता घेऊ नये. एवढं सांगून मी थांबत नाही, कारण त्या आईचा थकवा खराच असतो. मागाच्या खडखडाटाशेजारी झोपणारी, सगळ्यांनंतर जेवणारी, हिमोग्लोबिन आठ असलेली बाई थकणारच. त्याचा शोध घ्यायला वेळ लागतो, आणि तो आम्ही द्यायला हवा.

माझी पहिली रुग्ण आजही दर तीन महिन्यांनी येते. बटव्यात तिचं कार्ड असतं, मी ते हिंदीत लिहून दिलंय, कारण रात्री-अपरात्री ती जिथे पोचेल तिथे हिंदीच वाचली जाईल: ‘इन्हें एडिसन रोग है, तुरंत हाइड्रोकॉर्टिसोन १०० मि.ग्रा. दें’. तापात गोळी दुप्पट करायची, उलटीने गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन घ्यायचं आणि दवाखाना गाठायचा, हे तिला, नवऱ्याला आणि आता मोठ्या झालेल्या मुलालाही पाठ आहे. इंजेक्शन नवरा देतो. त्याला मी संत्र्यावर सुई टोचायला शिकवली होती. नवरात्रात ती उपास करते, पण गोळी चुकवत नाही. माझ्याकडे याच आजाराचे दोन मुसलमान रुग्ण आहेत. रमजानच्या आधी आम्ही बसून ठरवतो, ज्याची प्रकृती स्थिर नाही त्याला रोजा ठेवू नकोस असं सांगते, आणि त्यांच्या मौलवींनीही तेच सांगितलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात थायरॉईडची गोळी नुकतीच सुरू झाली असेल, आणि बाईला बरं वाटण्याऐवजी चक्कर, उलटी, वजन उतरणं वाढलं असेल, तर ‘गोळीला वेळ लागतो’ म्हणून दीड महिना थांबू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे परत जा आणि सकाळी आठचं कॉर्टिसॉल तपासायचं का, ते विचारा. ती कोसळली, शुद्ध हरपू लागली, तर आठवडाही थांबू नका, तडक रुग्णालय गाठा. आणि घरातल्या डब्यात नाव नसलेली पुडी असेल तर ती आज फेकून देऊ नका, आपल्या मनाने बंदही करू नका. आहे तशी, कागदासकट, डॉक्टरांकडे घेऊन जा.